हनामेलच्या शेताचं खरेदीखत

यिर्मयाच्या ग्रंथात बत्तिसाव्या अध्यायात एक खरेदीखत आहे. लोक त्या अध्यायातली प्रार्थना वाचतात, पुढची वचनं वाचतात. मी खरेदीखत वाचतो. अलिबागला कचेरीबाहेर टेबल टाकून मी बेचाळीस वर्षं दस्त लिहिले, माझ्याआधी त्याच टेबलावर बाबा लिहायचे. त्यामुळे कुठल्याही कागदात डोळा आधी तिकडेच जातो: लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, मोबदला किती, साक्षीदार आहेत का, कब्जा कधी.

आम्ही बेने इस्राएली यहुदी, म्हणजे ज्यांना आमच्या कोकणात पूर्वी शनवार तेली म्हणायचे ते. यरुशलेमचं मंदिर जळालं त्या दिवसाचा उपास आमच्याकडे बिरड्याचा सण म्हणून ओळखला जातो. मंदिराच्या शोकाला वालाच्या उसळीचं नाव कसं पडलं याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, पण त्या दिवसांत आमच्या घरात मटण-मासळी बंद असायची आणि आई आदल्या दिवशी भिजवलेले वाल सोलत बसलेली असायची, त्यामुळे मला कधी वाटलं नाही. मशिदीत (सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणत) जमिनीवर बसून विलापगीतं वाचून झाली की बाबा घरी येऊन मराठी बायबल काढत आणि यिर्मयाचा हा अध्याय मोठ्याने वाचत. पक्षकाराला मसुदा वाचून दाखवावा तसा. रकमेपाशी थांबत, साक्षीदारांपाशी थांबत, मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत. कुणाची हरकत आहे का, असं विचारल्यासारखं.

हरकत घेण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. वर्ष यहूदाच्या सिद्कीया राजाच्या कारकिर्दीचं दहावं, बाबेलच्या नबुखद्नेस्सरचं अठरावं. म्हणजे इसवी सनापूर्वी 587 च्या आसपास. तारीख दोन्ही राजांच्या सालांत दिली आहे हे मला नेहमी टोचतं, कारण कागदावर दुसऱ्या राजाचं साल यायला लागलं की गाव कुणाच्या ताब्यात जाणार ते कळतं. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला. लिहून घेणारा यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत. विकणारा त्याचा चुलतभाऊ हनामेल. जमीन अनाथोथची, शहरापासून ईशान्येला तासा-सव्वातासाच्या चालीवर. आजही तिथल्या गावाचं नाव अनाता आहे. शहराभोवती शत्रूच्या छावण्या, म्हणजे शेत शत्रूच्या हद्दीत. आणि घेणाऱ्याला बायको नाही, मूल नाही. लग्नच करू नकोस असा त्याला देवाचा हुकूम होता, तो सोळाव्या अध्यायात आहे. कब्जा मिळण्याची शक्यता नाही, वारस नाही, वर घेणारा स्वतः तुरुंगात. असा पक्षकार माझ्या टेबलापाशी आला असता तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

पण आधी वेढ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय या शेताची किंमत कळत नाही.

यरुशलेमने असा वेढा याआधी पाहिला होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, इसवी सनापूर्वी 701 मध्ये, अश्शूरचा राजा सन्हेरीब आला होता. त्याने आपल्या शिलालेखात बढाई मारली आहे की यहूदाचा राजा हिज्कीया याची 46 तटबंदीची शहरं घेतली आणि त्याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा यरुशलेमात कोंडला. लाखीश शहर कसं पाडलं त्याची चित्रं त्याने आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मात्र यरुशलेम घेतलं असं तो कुठेही म्हणत नाही. हिज्कीयाने खंडणी भरली हे खरं, पण शहर वाचलं. तेव्हा संदेष्टा यशया होता, आणि त्याचं सांगणं होतं की घाबरू नका, शहर पडणार नाही. लोकांनी ते ऐकलं आणि तसंच झालं. गिहोन झऱ्याचं पाणी तटाच्या आत आणायला खडकातून खोदलेला पाचशे मीटरवर लांबीचा बोगदा अजून आहे, आत गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं.

पुढे झालं ते मोठं विचित्र. त्या सुटकेची चटक लागली. देवाचं घर या शहरात आहे, मग शहराला काय होणार, असं लोक धरून चालले. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून सांगत होता की चोरी करता, खून करता, खोट्या शपथा वाहता, परक्याला आणि विधवेला छळता, आणि मग इथे येऊन म्हणता आम्ही सुरक्षित. शिलोला जाऊन बघा, तिथेही एकदा देवाचं ठिकाण होतं. यासाठी त्याला जवळजवळ ठार मारलं होतं. यशयाने टिकून राहा म्हटलं होतं, यिर्मया बाहेर जाऊन शरण जा म्हणत होता. देव तोच, शहर तेच, मंदिर तेच. लोकांचा विश्वास कमी होता असं मला वाटत नाही. तो भरपूर होता, पण 701 सालच्या हुकमावर होता. आमच्या धंद्यात याला जुन्या उताऱ्यावर व्यवहार करणं म्हणतात. उतारा खरा असतो, शिक्का खरा असतो, फक्त मधल्या काळात फेरफार झालेला असतो.

दरबारातल्या अधिकाऱ्यांची तक्रार अशी होती की हा माणूस सैनिकांचे हात ढिले करतो. हा शब्दप्रयोग त्या काळच्या बोलण्यातलाच असावा, कारण लाखीशच्या उत्खननात 1935 मध्ये स्टार्की यांना खापरांवर शाईने लिहिलेली जी पत्रं मिळाली, त्यातल्या एकात अगदी असाच हात ढिले होण्याचा उल्लेख आहे, तोही अधिकाऱ्यांच्याच बोलण्यामुळे. दुसऱ्या एका पत्रात चौकीवरचा माणूस वरिष्ठाला कळवतो की आम्ही लाखीशच्या जाळाच्या खुणांवर लक्ष ठेवून आहोत, अजेका दिसत नाही. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात म्हटलं आहे की तटबंदीच्या शहरांपैकी आता लाखीश आणि अजेका एवढीच उरली आहेत. खापरावरची शाई आणि ग्रंथातलं वाक्य एकमेकांना असं लागून बसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

त्याच चौतिसाव्या अध्यायात दासांची गोष्ट आहे. बिरड्याच्या सणाला बाबा ती वाचत नसत. मला ती मी स्वतः वाचली तेव्हा कळली, आणि माझ्या मते त्या सगळ्या वेढ्याचं मर्म तिथे आहे. नियमशास्त्र सांगतं की इब्री दासाला सहा वर्षांनी मोकळं करावं. पिढ्यान् पिढ्या कुणी केलं नव्हतं. वेढा आवळला, तेव्हा सिद्कीया राजाने सगळ्यांना मंदिरात जमवलं, वासरू चिरून त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन करार केला आणि एकूण एक दास सोडले. धर्म आठवला म्हणून, की कोंडलेल्या शहरात दासांना खाऊ घालणं परवडेना म्हणून? मी मसुदे लिहिणारा माणूस, मला दुसऱ्या कारणाचा वास येतो. काही का असेना, आज्ञा पाळली गेली. मग मिसरची फौज निघाल्याची बातमी आली, बाबेलवाल्यांनी वेढा उठवला, रस्ते मोकळे झाले. आणि मालकांनी ते सगळे दास पुन्हा धरून आणले.

किती दिवसांची मोकळीक ती! एखाद्या दासाने घर झाडून घेतलं असेल, चूल मांडली असेल. देवाच्या साक्षीने झालेला करार सोयीने मोडला. यिर्मयाने सांगितलं की तुम्ही त्यांना मोकळीक दिली नाहीत, आता मी तुम्हाला मोकळीक देतो: तलवारीसाठी, रोगासाठी, दुष्काळासाठी. बाबेलवाले परत येतील. ते आले.

मधल्या या उघडिपीतच यिर्मया अनाथोथकडे निघाला होता, भाऊबंदांमधल्या वाटणीच्या कामासाठी. बन्यामीन वेशीवर पहारेकऱ्याने त्याला पकडलं: तू शत्रूला मिळायला चाललास. त्याने नाही म्हटलं, कुणी ऐकलं नाही. त्याला मारलं आणि योनाथान नावाच्या लेखनिकाच्या घरात कोंडलं, कारण त्या घराचा तुरुंग केला होता. आमच्या व्यवसायबंधूचं घर असं कामी आलं हे वाचून मी दर वेळी मान खाली घालतो. पुढे राजाला विनवण्या करून तो पहाऱ्याच्या चौकात आला आणि त्याला भटारगल्लीतून रोज एक भाकर मिळू लागली, शहरातली भाकर संपेपर्यंत. त्याला चिखलाच्या आडात सोडलं होतं ते प्रकरणही याच दिवसांतलं. कूशी एबेद-मलेख याने जुन्या चिंध्या काखेत धरायला देऊन दोरांनी वर ओढलं. चिंध्या का, तर दोर काचू नयेत म्हणून. राजवाड्यातल्या इतक्या माणसांत एवढा विचार एका परदेशी नोकराने केला.

आता खरेदीखत.

हनामेल येईल आणि शेत घे म्हणेल, हे देवाने यिर्मयाला आधी कळवलं होतं. तरी ग्रंथात एक बारीक नोंद आहे: हनामेल खरोखर चौकात येऊन उभा राहिला, तेव्हा यिर्मयाला समजलं की ते देवाचंच सांगणं होतं. म्हणजे आयुष्यभर देवाच्या नावाने बोलणारा माणूससुद्धा आपल्या कानावर आलेलं पडताळून घेतो. विश्वास म्हणजे डोळे मिटून अंगठा, असं समजणाऱ्यांनी ही ओळ बघावी.

हनामेलने यिर्मयाकडेच का यावं? नियमशास्त्राप्रमाणे अडचणीतल्या माणसाची जमीन सोडवून घ्यायचा पहिला हक्क जवळच्या भाऊबंदाचा, म्हणजे जमीन कुळाबाहेर जात नाही. हक्क म्हणा, जबाबदारी म्हणा. आमच्याकडे भाऊबंद जमीन घ्यायला कधी तयार होतात आणि कधी अंग काढतात हे मी पुरतं जाणतो. वेढ्यात तर अंग काढायला कुणी नावं ठेवली नसती. हनामेललाही रोकड हवी असणार. शहरात भाकर महाग झालेली, शेत खाता येत नव्हतं.

मोबदला सतरा शेकेल चांदी. तेव्हा यहूदात नाणी नव्हती, चांदी तराजूत दगडी वजनं टाकून तोलून देत. त्या काळची शेकेलची वजनं सापडली आहेत, ती सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास भरतात. शेकेल म्हणजे जवळपास आपला तोळाच. सगळी मिळून साडेसोळा तोळे. कैद्याने ती तुरुंगाच्या चौकात, बसलेल्या सगळ्या लोकांसमोर तोलून दिली. साक्षीदारांनी सह्या केल्या. दस्ताच्या दोन प्रती: एक मोहोरबंद, एक उघडी. त्या दोन्ही यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या. बारूख नेरीयाचा मुलगा, नेरीया महसेयाचा. बापाचं आणि आज्याचं नाव घालून, जशी आपण ओळख लिहितो तशी. आणि सांगितलं की दोन्ही मातीच्या मडक्यात घाल, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत.

दोन प्रती का, ते मला तरुणपणी कळत नव्हतं. पुढे वाचनात आलं. मिसरमध्ये नाईलच्या बेटावर एलेफंटाईन इथे यहुदी शिपायांची वसाहत होती, तिथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले पपायरसवरचे दस्त मिळाले. गुंडाळून, दोऱ्याने बांधून, मातीची मोहोर लावलेले. त्यात घराच्या चतुःसीमासुद्धा लिहिल्या आहेत, कुठल्या बाजूला कुणाचं घर ते शेजाऱ्यांच्या नावांसकट. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत 1961 मध्ये यादीन यांच्या चमूला बाबाथा नावाच्या बाईची कातडी पिशवी सापडली, तिच्यात तिचे 35 कागद होते. त्यातले कित्येक दुहेरी आहेत: तोच मजकूर एकाच कागदावर वर आणि खाली दोनदा. वरचा भाग गुंडाळून बांधायचा, गाठींपाशी साक्षीदारांनी पाठीवर सह्या करायच्या, खालचा उघडा ठेवायचा. रोजच्या वापराला उघडा, आणि कुणी खाडाखोड केल्याचा वाद निघाला तर न्यायाधीशासमोर वरचा फोडायचा. आमची मूळ प्रत आणि नक्कल यापेक्षा वेगळं काही करत नाहीत. यिर्मयाचा दस्त याच घराण्यातला.

आणि मग तो प्रार्थना करतो. हे मला फार उशिरा दिसलं. चांदी तोलून झाली, सह्या झाल्या, कागद बारूखच्या हातात गेला, त्यानंतर. सुरुवात मोठ्या स्तुतीने होते, पण शेवटी त्याच्या पोटातलं बाहेर येतंच: बघ ना, तटाला मातीचे चढ लागलेत, शहर त्यांच्या हातात गेल्यातच जमा आहे, आणि तू मला म्हणतोस चांदी मोजून शेत घे! शंका त्याला होती. आम्हा सगळ्यांना असते तेवढीच होती. त्याने ती दस्त होईपर्यंत थांबवून धरली. उत्तर त्याला मिळालं की या देशात पुन्हा शेतं विकली जातील, खरेदीखतं लिहिली जातील, साक्षीदार येतील. सांत्वन म्हणून देवाने त्याच्यापुढे कचेरीचं कामकाज मांडलं. बाबा इथे पुस्तक मिटत.

धरमतरच्या खाडीकडचा एक शेतकरी एकदा माझ्याकडे आला होता. चुलतभावाची खारातली जमीन घ्यायची होती. उधाणात बंदिस्तीला खांड पडून दोन वर्षं तिच्यात खारं पाणी उभं होतं, आणि हा चांगल्या जमिनीच्या भावाने मोबदला लिहायला सांगत होता. मी त्याला परोपरीने समजावलं. तो म्हणाला, “काका, तुम्ही लिहा.” मी लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं, फी नेहमीचीच घेतली. त्या रात्री मी बत्तिसावा अध्याय काढला, बिरड्याचा सण नसताना.

बारूखविषयी थोडं जास्त बोललो तर चालेल. आमचा माणूस आहे. यहोयाकीम राजाच्या पाचव्या वर्षी, नवव्या महिन्यात, यिर्मयाने सांगितलेला सगळा मजकूर गुंडाळीवर लिहून त्याने तो मंदिरात शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीतून वाचला. बाबेलच्या बखरीप्रमाणे नबुखद्नेस्सरने किनाऱ्यावरचं अष्कलोन घेतलं ते त्याच हिवाळ्यात. त्या वाचनाच्या दिवशी यरुशलेमात उपास होता, तो लोकांनी उगाच धरला नव्हता. अधिकाऱ्यांनी बारूखला विचारलं, हे तू कसं लिहिलंस? त्याने सांगितलं, तो तोंडाने बोलत गेला, मी शाईने लिहीत गेलो. दस्तलेखकाची साक्ष अशीच असते, एक शब्द जास्त नाही. राजा शेगडीपाशी बसला होता. तीन-चार स्तंभ वाचून झाले की लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि विस्तवात टाकायचा, असं करत त्याने सगळी गुंडाळी जाळली. जाळू नका म्हणणाऱ्या तिघांत गमऱ्या होता. यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, बारूखने पुन्हा सगळं लिहिलं, आणि त्यात आणखी मजकूर वाढला.

1982 मध्ये यरुशलेमच्या दाविदाच्या नगरात पुरातत्त्वज्ञ शिलो यांच्या उत्खननात एका जळक्या घरात मातीच्या 51 मोहोरा सापडल्या. त्यांनी बंद केलेले पपायरस बाबेलच्या आगीत गेले, पण त्याच आगीने मोहोरांची माती भाजून पक्की केली. त्यातल्या एकीवर शाफानचा मुलगा गमऱ्या याचं नाव आहे. बारूखच्या नावाच्याही दोन मोहोरा प्रसिद्ध झाल्या होत्या, पण त्या बाजारातून आलेल्या. पुढे अभ्यासकांनी तपासून बनावट ठरवल्या. मला धक्का बसला नाही. ज्याच्या नावाला भाव, त्याचा शिक्का लोक आधी पाडतात.

बारूखसाठी ग्रंथात एक वेगळा अध्याय आहे, पंचेचाळिसावा, अवघ्या पाच वचनांचा. तो कण्हून थकला होता, त्याला विसावा नव्हता. त्याला सांगितलं गेलं की स्वतःसाठी मोठं काही मागू नकोस. जिथे जाशील तिथे तुझा जीव तेवढा तुझ्या हाती राहील. मेहनताना एवढाच.

शहर पडलं, मंदिर जळालं, सिद्कीयाचे डोळे काढून त्याला बाबेलला नेलं. मागे उरलेले लोक यिर्मयाकडे आले आणि म्हणाले, देवाला विचार, तो सांगेल ते गोड असो कडू असो, ऐकू. दहा दिवसांनी उत्तर आलं की इथेच राहा. त्यांनी ते खोटं ठरवलं आणि मिसरला निघून गेले, जाताना यिर्मयाला आणि बारूखला सोबत घेऊन गेले. शेत घेणारा आणि कागद सांभाळणारा, दोघेही मिसरला.

पन्नास-साठच्या दशकात आमच्या आळीतली घरं एकामागून एक रिकामी झाली. माणसं लोदला गेली, दिमोनाला गेली, बेर्शेबाला गेली. वाड्या, नारळीची झाडं, घाण्याची जुनी जागा, सगळ्याची विक्री बाबांनी लिहिली. सगळे विकणारे. यिर्मयाच्या देशात जायला निघालेल्या माणसांची खरेदीखतं लिहिताना त्यांचं अक्षर कधी हललं नाही, पण त्या वर्षांत बिरड्याच्या सणाला वाचताना ते रकमेपाशी थांबत नसत.

त्यांचं बायबल आता माझ्याकडे आहे. इराणच्या कोरेश राजाने परवानगी दिल्यावर बाबेलहून परतलेल्या लोकांची गाववार यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि तीच यादी नहेम्याच्या सातव्या अध्यायात पुन्हा आहे. मूळ आणि नक्कल ताडून बघायची बाबांची सवय. बऱ्याच आकड्यांत फरक पडतो; तिथे त्यांनी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हं केली आहेत. अनाथोथची माणसं दोन्हीकडे 128. दोन्ही ठिकाणी तांबड्या शाईची बरोबरची खूण आहे, फिकट झालेली.